माळावरचे बारा खड्डे

दोन वर्षांपूर्वी, जुलैमधल्या एका शनिवारी, आमच्या चौघांच्या गटाने बारा खड्डे खणले. जागा सासवडच्या पुढचा एक उघडा माळ. ऑफिसने दोन बस केल्या होत्या, सगळ्यांना हिरवे टी-शर्ट दिले होते आणि त्यांच्या पाठीवर लिहिलं होतं, 'झाडं देतात, आपणही देऊया'. वर चार बोटं माती आणि खाली मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची. दुपारपर्यंत माझ्या हाताला फोड आले आणि मला फार बरं वाटलं. आठवडाभर स्क्रीनकडे बघत बसणाऱ्या माणसाला हातावरचा फोड म्हणजे पुरावा वाटतो, आज आपण काहीतरी खरं काम केल्याचा.

रोपं होती गिरिपुष्पाची, करंजाची आणि थोडी वडाची. प्रत्येक खड्ड्यात एक घमेलं शेणखत आणि वरून मूठभर रासायनिक खत. आम्ही दहाव्या खड्ड्यावर होतो तेव्हा एक धनगर मामा मेंढरं घेऊन उतारावरून आले आणि काठीवर हात ठेवून उभे राहिले.

"काय चाललंय ताई?"

"झाडं लावतोय मामा."

"हितं?"

"हो. इथं काहीच नाहीये ना. जरा हिरवं होईल."

त्यांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "काईच न्हाई कसं? गवात हाय की."

आम्ही हसलो. तेही हसले. संध्याकाळी मी फोटो टाकला, 'उजाड माळ ते हिरवं रान' अशी ओळ लिहून. खूप बदाम आले.

पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये एका मैत्रिणीबरोबर जेजुरीला जाताना मी गाडी त्या माळाकडे वळवली. गवत गुडघ्यापर्यंत वाढून सोनेरी झालं होतं. सॉक्समध्ये कुसळं घुसत होती. आमचे बारा खड्डे सापडायला अजिबात वेळ लागला नाही, कारण सगळ्या माळावर तेवढ्याच जागी गवत नव्हतं. नऊ खड्ड्यांत गाजर गवत माजलं होतं. एक नुसताच खड्डा होता. दोन रोपं जगली होती, दोन्ही गिरिपुष्पाची. आणि प्लॉटभोवती आता काटेरी तारेचं कुंपण होतं.

मामा तारेच्या पलीकडे भेटले. त्यांनी मला ओळखलं नाही. मेंढरं आता वरच्या रस्त्याने, लांबचा वळसा घालून न्यावी लागतात, एवढंच त्यांनी सांगितलं. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस लांबला की माणसं जसं सांगतात, तसं सांगितलं.

परत येताना गाडीत मैत्रीण म्हणाली, "जाऊ दे गं. तुझा हेतू तर चांगला होता ना?"

होता. अगदी चांगला होता. तेव्हापासून मी याच प्रश्नाशी अडखळले आहे. हेतू चांगला होता, हे वाक्य माणसाला नेमकं कशातून सोडवतं?

*

मी मातीची अभ्यासक नाही. बग सापडल्यावर माणूस जसा लॉग उघडून बसतो, तशी मी वाचायला बसले. खड्ड्यात चुकलं काय, एवढंच शोधायचं होतं.

पहिली गोष्ट कळली ती नायट्रोजनची. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. झाडं आणि गवतं त्यात अक्षरशः बुडालेली आहेत, तरी त्यांना त्यातला कणभरही थेट घेता येत नाही, कारण नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. ती पकड सोडवून त्यांचा अमोनिया करण्याचं काम सजीवांमध्ये फक्त काही सूक्ष्मजीवांनाच जमतं. वनस्पतींना नाही, प्राण्यांना नाही, बुरशीलाही नाही. माणसाला कारखान्यात हे मोठ्या प्रमाणावर साधलं ते १९१३ मध्ये, जर्मनीतल्या ओपाऊ इथे, प्रचंड दाब आणि उष्णता वापरून. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीतला जिवाणू तेच काम शेताच्या तापमानाला करतो. मार्टिनस बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये हा जिवाणू वेगळा करून दाखवला. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडचे शेतकरी 'हरभऱ्याचा बेवड चांगला' म्हणत आले होते. जिवाणू दिसला नव्हता, पण पुढच्या पिकावर परिणाम दिसत होता, आणि त्यांनी त्याला नाव दिलं होतं.

दुसरी गोष्ट कुजण्याची. पान पडतं, कुजतं, खत होतं आणि झाड ते घेतं, असं आपण शाळेत बाणांच्या आकृतीत शिकतो. प्रत्यक्षात मधला बाण फार गुंतागुंतीचा आहे. वाळलेल्या गवताच्या काडीत नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे पन्नास-साठ किंवा त्याहून जास्त भाग असतात. जिवाणूच्या स्वतःच्या शरीरात हे प्रमाण साधारण एकास आठ-दहा असतं. म्हणजे काडी खायची तर जिवाणूला जास्तीचा नायट्रोजन लागतो, आणि तो तो आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतो. काही काळ तर तो गवताशीच स्पर्धा करत असतो. मग त्या जिवाणूला अमीबा किंवा सूत्रकृमी खातो. त्याला एवढा नायट्रोजन नको असतो, म्हणून उरलेला बाहेर टाकतो. तो अमोनियाच्या रूपात मुळाला मिळतो. गवताच्या वाट्याला येतं ते असं कुणाच्या तरी जेवणातलं उष्टं.

यात कुणी कुणाला काही देत नाही. टी-शर्टवरची ओळ मला इथे पहिल्यांदा खटकली.

तिसरी गोष्ट बुरशीची. बहुतेक वनस्पतींच्या मुळांना बुरशीचे अतिसूक्ष्म धागे जोडलेले असतात. या जोडीला १८८५ मध्ये आल्बर्ट फ्रँक यांनी 'मायकोरायझा' हे नाव दिलं, म्हणजे बुरशी-मूळ. मूळ जिथे पोचू शकत नाही तिथून हे धागे फॉस्फरस आणतात आणि बदल्यात वनस्पतीकडून साखर घेतात. ही जोडी चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही सापडते. माळावरच्या कुसळी, पवन्या, मारवेल यांसारख्या गवतांच्या मुळाशीही असेच धागे असतात. पहार मारल्यावर ते आवाज करत नाहीत.

*

आता जंगल आणि माळ यांच्यातला फरक. इथेच माझी चूक होती.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढं पाणी जांभ्यातून गेल्यावर मातीतली विद्राव्य पोषकद्रव्यं धुऊन जायला हवीत, आणि जातातही. तरी तिथलं रान गच्च हिरवं आहे, कारण त्याची पुंजी मातीत कमी आणि जिवंत शरीरांत जास्त आहे. पान पडलं की ओल आणि उबेत ते झपाट्याने कुजतं, आणि पाणी घेऊन जाण्याआधीच मुळं आणि बुरशी ते उचलतात. असं रान तोडलं की पुंजी लाकडाबरोबर निघून जाते. उरते ती गरीब माती.

सासवडच्या बाजूला पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांतच. इथे पुंजी वेगळ्या ठिकाणी आहे. बऱ्याच गवताळ प्रदेशांत वनस्पतींचं निम्म्याहून अधिक वजन जमिनीखाली असतं. गवत दरवर्षी वर वाळतं, चरलं जातं, जळतंही, पण खाली मुळांची जाळी टिकते, थोडी मरते, थोडी नव्याने येते. मेलेल्या मुळांचा कार्बन मातीच्या ढेकळांत अडकून राहतो. म्हणजे जंगलाची तिजोरी उभी आहे आणि माळाची तिजोरी आडवी, पुरलेली आहे. मी तिच्यावर उभी राहून म्हणाले होते, इथं काहीच नाहीये.

खणलं की काय होतं? धागे तुटतात, ढेकळं फुटतात, हवा आत जाते. आत सांभाळून राहिलेला कार्बन जिवाणूंच्या हाती लागतो आणि ते त्याचा कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. बारा खड्ड्यांनी जगाचं तापमान वाढलं, असं मी म्हणणार नाही. पण कार्बन साठवायला गेलेल्या माणसाने आधी साठवलेला थोडा सोडून दिला, एवढं तरी वहीत लिहायला हवं.

मग खत. मूठभरच होतं, पण ते का चुकलं हे समजायला मला इंग्लंडमधल्या एका कुरणापर्यंत जावं लागलं. रॉथमस्टेड इथे १८५६ मध्ये लॉज आणि गिल्बर्ट यांनी एका गवताळ शेताचे पट्टे पाडून प्रत्येकाला वेगवेगळं खत द्यायला सुरुवात केली. 'पार्क ग्रास' नावाचा हा प्रयोग आजही चालू आहे. ज्या पट्ट्यांना काहीच दिलं नाही, तिथे आजही चाळीसच्या आसपास जातींची गवतं आणि फुलझाडं एकत्र नांदतात. ज्यांना वर्षानुवर्षं भरपूर अमोनियम सल्फेट दिलं आणि चुना दिला नाही, तिथे जमीन आंबट होऊन हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच जाती उरल्या. चारा जास्त निघाला, पण बाकीचे गेले.

म्हणजे जिथे अनेकजण थोड्यावर भागवून एकत्र राहत होते, तिथे मुबलक आल्यावर जलद वाढणारे थोडेच टिकले. आमच्या खड्ड्यांत तो मान गाजर गवताला मिळाला. आणि जे गिरिपुष्प जगलं, तेही मुळावरच्या गाठींतून नायट्रोजन बांधणारं, मध्य अमेरिकेतून आलेलं झाड आहे. ते उंच झालं की दोन गोष्टी देईल, सावली आणि नायट्रोजन. ऐकायला दोन्ही दानं आहेत. उन्हावर आणि टंचाईवर जगायला शिकलेल्या गवताला ती दोन्ही नकोत.

दान घेणाऱ्याला काय हवं आहे हे न विचारता केलेलं दान कुणासाठी असतं? माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. त्या दिवशी सगळ्यात जास्त मिळालं ते मला. फोड, फोटो, बदाम.

*

'काहीच नाही' हे मी एकटीने ठरवलेलं नव्हतं. ते आपल्याकडे आधीच लिहून ठेवलेलं आहे. इंग्रजांच्या महसूल खात्याला जमीन म्हणजे सारा. ज्या जमिनीतून सारा येत नाही, ती त्यांच्या लेखी ओसाड. सातबाऱ्यावर आजही लागवडीला न येणारा तुकडा 'पोटखराब' म्हणून लागतो. देशाच्या पडीक जमिनींचा सरकारी नकाशासंग्रह निघतो, त्यात झुडपी आणि चराऊ जमिनी येतात. नकाशात एखादी जागा पडीक म्हणून रंगवली की तिचं काहीतरी भलं करायला लोक आपोआप निघतात.

माळ म्हणजे पूर्वी तोडलेलं जंगल, असं मला शाळेपासून वाटत होतं. तोडलं म्हणून परत लावायचं, हिशोब बरोबर. पण २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी एक सुंदर काम प्रसिद्ध केलं. पश्चिम महाराष्ट्राचं जुनं निसर्गचित्र शोधायला ते मराठीतल्या जुन्या कथा, ओव्या आणि संतसाहित्याकडे गेले. त्यात आलेल्या रानटी वनस्पतींची नोंद केली तर बहुतांश माळाच्याच निघाल्या, उन्हात वाढणाऱ्या, काटेरी. म्हणजे हा उघडा माळ किमान साडेसातशे वर्षं तरी उघडा माळच आहे. आपल्याच भाषेत ते लिहिलेलं होतं. मामांना ते वाचावं लागलं नाही.

त्याआधी २०२० मध्ये नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवलं होतं, की जुना गवताळ प्रदेश एकदा मोडला की त्यातली वनस्पतींची विविधता परतायला किमान शतक लागतं, बऱ्याचदा हजारो वर्षं.

*

इथे एक मोह होतो, आणि मलाही झाला. मातीला पात्र बनवण्याचा.

१९९७ मध्ये सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या जंगलात भूर्ज आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची ये-जा मोजली. तो शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला आणि 'वुड वाइड वेब' हा शब्द जगभर गेला. पुढे त्याची गोष्ट झाली. झाडं बुरशीच्या तारांवरून बोलतात, आईझाड पिल्लांना जेवू घालतं, जंगल म्हणजे एक प्रेमळ कुटुंब. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी पुरावे तपासून दाखवलं, की या गोष्टीतले बरेच दावे प्रत्यक्ष जंगलातल्या मोजमापांच्या खूप पुढे गेले आहेत. यातल्या जोन्स १९९७ च्या त्या मूळ शोधनिबंधाच्याही सहलेखिका होत्या. स्वतःच्या कामाभोवती जमलेल्या लाडक्या गोष्टीला 'थांबा, एवढं काही आपण दाखवलेलं नाही' असं म्हणणं मला फार मोठं वाटतं.

ही गोष्ट आपल्याला इतकी का आवडली? कारण तिच्यात जंगल आपल्यासारखं होतं. आई, बाळ, गप्पा, मदत. आणि आपल्यासारखं जे दिसतं, त्याच्याशी नीट वागणं सोपं जातं. पण मग अमीबाने खाल्लेल्या जिवाणूचं काय? त्याची कुणी आई नाही. तो कुणासाठी मरत नाही. एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, आणि त्यातल्या बहुतेकांना प्रयोगशाळेत वाढवणंही अजून जमलेलं नाही. त्यांच्यात दया नाही, क्रौर्यही नाही. मातीकडून नीती शिकायला जाणारा माणूस आपलीच नीती तिच्यात लपवून परत घेऊन येतो. ज्याला सहकार्य आवडतं त्याला तिथे सहकार्य सापडतं, ज्याला बाजार आवडतो त्याला बाजार.

म्हणून 'माती किती देते' या कारणाने तिच्याशी नीट वागावं, हे मला पटत नाही. उद्या कळलं की एखादी माती आपल्याला काहीच देत नाही, तर? मला वाटतं कारण यापेक्षा साधं आहे. तिथे आधीपासून काहीतरी चालू आहे. ते आपण सुरू केलेलं नाही, आपल्यासाठी चालू नाही, आणि आपण मोडलं तर आपल्याला परत सुरू करता येणार नाही. एवढी माहिती हात थोडा वेळ मागे घ्यायला पुरेशी असावी.

*

हे सगळं मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मोठ्या उत्साहाने सांगितलं. एका सहकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू म्हणतेस ते खरं असेल. पण असं बघ, सगळं कळेपर्यंत थांबायचं तर कुणी काहीच करणार नाही. तू आता घरी बसून पेपर वाचतेस. आम्ही निदान शनिवारची झोप मोडून गेलो. जे काहीच करत नाहीत त्यांच्या चुका होत नाहीत, एवढंच."

हा मुद्दा हलका नाही. मातीबद्दलचं ज्ञान कधीच पुरं होणार नाही. आणि हातावर हात ठेवून बसलेल्या माणसाला स्वतःला शुद्ध समजायची चैन मिळते, हेही खरं. पृथ्वी तापते आहे, तिला आमच्या वाचनाची वाट बघायला वेळ नाही.

त्याला उत्तर देताना मला माझ्या पहिल्या नोकरीतली एक गोष्ट आठवली. जुन्या सर्व्हरवर रोज रात्री दोन वाजता एक स्क्रिप्ट चालायची. लिहिणारा कधीच सोडून गेला होता. ती काही छापत नव्हती, कुठे नोंद करत नव्हती. मी नवी होते, साफसफाईचा उत्साह होता. ही काहीच करत नाही म्हणून मी ती काढून टाकली. तीन आठवड्यांनी डिस्क भरली आणि सगळी सेवा बंद पडली. ती स्क्रिप्ट रोज रात्री मेलेल्या तात्पुरत्या फायली उचलत होती. इतकं शांतपणे, की ती आहे हे फक्त ती नसताना कळलं.

तेव्हा माझा हेतू चांगलाच होता. कुणी मला वाईट म्हटलं नाही. टीम लीडने फक्त तीन प्रश्न विचारले. कुणाला विचारलं होतंस का? परत आणता येईल अशी सोय ठेवली होतीस का? बंद पडल्याचा त्रास कुणाला झाला? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'मला नाही' असं होतं. त्रास ग्राहकांना आणि रात्रपाळीच्या मुलांना झाला होता.

माझ्या मते सहकाऱ्याच्या मुद्द्याला हे तीन प्रश्नच उत्तर आहेत. सगळं कळेपर्यंत थांबा, असं कुणीच म्हणत नाही. जे अज्ञान दूर करायला शंभर वर्षांचं संशोधन लागतं, त्याबद्दल माणसाला दोष देता येत नाही. पण जे अज्ञान दहा पावलांवर काठी टेकून उभं होतं आणि स्वतःहून बोलत होतं, ते? 'गवात हाय की' या तीन शब्दांत सगळा शोधनिबंध होता. विचारायला एक रुपया लागत नव्हता. मी हसले, कारण मी द्यायला आले होते, आणि देणाऱ्याला वाटतं की विचारायचा हक्क घेणाऱ्याचा असतो.

दुसरा प्रश्न परतीचा. माझी स्क्रिप्ट चाळीस मिनिटांत परत आली, कारण तिची प्रत होती. माळाची प्रत नाही. जे परत आणता येत नाही तिथे हात लावण्याआधी जास्त विचारायचं, हा नियम पाळायला मातीतलं सगळं माहीत असण्याची गरज नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. माझ्या चांगुलपणाचा वळसा मामा घालत आहेत, रोज, मेंढरांसह. आणि त्या मेंढरांचंही मातीशी नातं आहे. वाळल्या काडीला कुजायला महिने लागतात. मेंढीच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम एक-दोन दिवसांत करतात, आणि लेंड्या आणि मुतातून नायट्रोजन पुन्हा जमिनीला मिळतो. माझे आजोबा रान मोकळं असलं की वावरात मेंढरं बसवायचे. धनगर दोन रात्री मुक्काम करायचे, आजोबा त्यांना ज्वारी द्यायचे आणि पुढचं पीक चांगलं यायचं. माळावरचं गवत असं चालत चालत आमच्या शेतात येत होतं. लहानपणी मी त्या मेंढरांत खेळले आहे. तरी त्या जुलैमध्ये मला हे आठवलं नाही. टी-शर्ट घातला की माणूस आपल्याच घरच्या गोष्टी विसरतो बहुतेक.

फळाची अपेक्षा करू नये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. त्याचा अर्थ मी सोयीने लावला होता. फळ मागू नये हे ठीक, पण झालं काय हे बघायला परत जाऊ नये, असं कुणीच सांगितलं नव्हतं. परत जाणं हा त्या कामाचाच भाग आहे. आणि परत गेल्यावर जे दिसेल ते आपलं म्हणून घेणं, हाही.

*

या वर्षी पुन्हा मेल आली, त्याच वृक्षारोपणाची. मी उत्तरात दोन पानं लिहिली, नंतर कापून दहा ओळी केल्या. माळ सोडा, झाडं लावायचीच असतील तर जिथे झाडं होती आणि तोडली गेली अशा ठिकाणी लावू, आधी तिथल्या लोकांना विचारू, असं लिहिलं. उत्तर सभ्य होतं. जागा बदलली. नवीन जागाही एक माळच आहे, फक्त दुसऱ्या तालुक्यातला. मी गेले नाही. माझ्या न जाण्याने एक टी-शर्ट उरला, बाकी काही झालं नाही.

सप्टेंबरमध्ये मी पुन्हा सासवडकडे गेले. या वेळी मामांना आठवण करून दिली, की त्या दिवशी हसणाऱ्यांत मी होते. ते म्हणाले, "असू दे की. पोरं व्हती तुमी." मग मी जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं, की मामा, इथं काय केलं तर बरं होईल?

त्यांनी फार विचार केला नाही. "तार काढा. बास."

तारेचं मी ऑफिसला लिहिलं. कळलं, की देखभालीचं कंत्राट तीन वर्षांचं आहे, आणि कुंपण त्याचा भाग असल्याने तोवर काढता येणार नाही. आत जगवायला काय उरलं आहे, हा प्रश्न त्या कंत्राटात बसत नाही. मी फोनमध्ये ती तारीख टाकून ठेवली आहे, पुढच्या जुलैतली. तोवर दर दोन महिन्यांनी एक मेल करते. मागच्या वेळी त्या मेलवर आणखी चौघांची नावं होती.

जगलेल्या दोन गिरिपुष्पांचं काय करायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही. आता ती माझ्या खांद्याएवढी झाली आहेत.